गळ किती खोल सोडावा?

पुलगावजवळच्या वर्धा नदीवर किंवा धनोडीच्या निम्न वर्धा धरणावर गळ टाकायला शिकणाऱ्यांचा एक समज असतो: गळ जितका खोल, तितका मासा मोठा. प्रत्यक्षात मासे आपापल्या आहारस्तरात (पाण्याच्या ज्या थरात अन्न मिळते तो थर) वावरतात. तीन मजली घरात प्रत्येक मजल्यावर वेगळे बिऱ्हाड असावे, तसे हे आहे. वर वळलेल्या तोंडाचा कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात, तर खाली वळलेल्या तोंडाचा मृगळ तळाशी चरतो. या तिघांत सर्वांत झपाट्याने वाढतो तो कटलाच. म्हणून आधी मासा ठरवावा, मग दोरीवरचे बूच सरकवून खोली ठरवावी. जलाशयाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असल्यास तिची परवानगी घेऊनच गळ टाकावा.