स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि तोंडाचे विकार

तोंड येणे ही तक्रार इतकी सामान्य आहे की तिच्याकडे सहसा कोणी गांभीर्याने पाहत नाही. जागरण, उष्णता, तिखट जेवण, पोट साफ नसणे अशी कारणे घरातल्या घरात सांगितली जातात. जिभेला थोडे तूप किंवा मध लावला की आठवडाभरात बहुधा आराम पडतो. एरवी या वागण्यात फारसे चुकीचे काही नाही. परंतु वजन कमी करण्यासाठी ज्या व्यक्तीने जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेली असते, तिच्या बाबतीत जिभेची आग, ओठांच्या कोपऱ्यांना पडलेल्या चिरा किंवा वारंवार उठणारे फोड यांचा अर्थ निराळा असू शकतो. शरीरातील एखाद्या जीवनसत्त्वाचा साठा संपत आल्याची ती पहिली खूण असू शकते. ती वेळीच ओळखली गेली तर उपाय सोपा असतो. ओळखली गेली नाही तर मज्जातंतूंची कायमची हानी होण्याचा संभव असतो.

शस्त्रक्रियेने काय बदलते?

स्थूलतेवर शस्त्रक्रियेने उपचार करण्याचे प्रयत्न गेल्या शतकाच्या मध्यास सुरू झाले. १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथील शल्यचिकित्सकांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला जवळचा मार्ग करून देणाऱ्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. या पद्धतीने वजन उतरले, परंतु कुपोषण व यकृताचे विकार इतके उद्भवू लागले की पुढे ती सोडून द्यावी लागली. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी जठराचाच बराचसा भाग अन्नमार्गातून वगळण्याची पद्धत सुरू केली. तिच्यातूनच आजची ‘गॅस्ट्रिक बायपास’ शस्त्रक्रिया विकसित झाली. तीत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी लहान पिशवी तयार करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर शरीरातच राहते, मात्र त्यात अन्न जात नाही. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी’ या दुसऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून काढतात व अंगरख्याच्या बाहीसारखी अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. या दोन्ही शस्त्रक्रिया आता भारतातील अनेक शहरांत केल्या जातात.

तीव्र स्थूलता आणि तिच्याबरोबर येणारा मधुमेह यांवर या शस्त्रक्रियांचा गुण निर्विवाद आहे. परंतु जठर म्हणजे अन्न साठवण्याची केवळ थैली नव्हे. तेथील आम्लामुळे अन्नातील लोह शोषणास योग्य अशा रूपात येते. ब-१२ हे जीवनसत्त्व अन्नातील प्रथिनांना घट्ट चिकटलेले असते. जठरातील आम्ल आणि पेप्सिन त्याला मोकळे करतात. जठराच्या भित्तिकेतील काही पेशी ‘आंतर घटक’ नावाचे प्रथिन निर्माण करतात. मोकळे झालेले ब-१२ या प्रथिनाच्या सोबतीनेच लहान आतड्याच्या अंतिम टोकापर्यंत पोहोचते आणि तेथे शोषले जाते. जठरात असा काही घटक असला पाहिजे, हे बॉस्टन येथील विल्यम कॅसल यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले होते. शस्त्रक्रियेनंतर आम्ल घटते आणि आंतर घटकही पुरेसा मिळत नाही. बायपासमध्ये तर लहान आतड्याचा पहिला भागही अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. लोह व कॅल्शियम यांचे शोषण मुख्यतः तेथेच होत असते. म्हणून अशी व्यक्ती चांगले अन्न खात असली तरी त्यातील सत्त्व तिच्या अंगी लागेलच असे नाही.

लक्षणे तोंडातच का दिसतात?

तोंडाच्या आतील नाजूक अस्तर सतत झिजत असते आणि सतत नवे होत असते. जिभेच्या पृष्ठभागावरील पेशी काही दिवसांतच बदलतात. पेशी इतक्या वेगाने विभागल्या जाण्यासाठी फोलिक आम्ल, ब-१२, लोह, जस्त आणि ब गटातील इतर जीवनसत्त्वे यांचा अखंड पुरवठा आवश्यक असतो. तो तुटला की जुन्या पेशी गळून पडतात आणि त्यांच्या जागी नव्या पुरेशा तयार होत नाहीत. जिभेवरील सूक्ष्म अंकुर नाहीसे होतात. जीभ गुळगुळीत, लालभडक व चकचकीत दिसू लागते. चहा किंवा साधी आमटीही झोंबते. चव बोथट होते, तर कधी तोंडात धातूसारखी चव राहते.

प्रत्येक उणिवेची खूण काहीशी वेगळी असते. ब-२ कमी पडल्यास ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात. नायसिनच्या अभावी जीभ सोलल्यासारखी लाल होते. लोह कमी झाल्यास जीभ फिकट व गुळगुळीत होते. जस्ताच्या उणिवेने चव बिघडते. क जीवनसत्त्वाच्या अभावी हिरड्या सुजून रक्त येते. परंतु प्रत्यक्षात या खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात, कारण उणीवही सहसा एकटी नसते. केवळ जीभ पाहून कोणते जीवनसत्त्व कमी आहे हे ठरवता येत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणीच करावी लागते.

भारतातील संशोधनाचा वारसा

तोंडाचा दाह आणि पोषणाची उणीव यांतील संबंध उलगडण्यात भारतात झालेल्या कार्याचा मोठा वाटा आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज वैद्यक संशोधिका मुंबईस आली. तेथील गरीब गर्भवती स्त्रियांत, विशेषतः कापड गिरण्यांतील कामगार स्त्रियांत, एक प्रकारचा तीव्र पांडुरोग आढळत असे. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्य म्हणजेच फोलिक आम्ल होय, हे पुढे स्पष्ट झाले. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत फोलिक आम्लाचे संश्लेषण झाले. या कार्याचे सूत्रधार आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. संग्रहणी या रोगात आतड्यांची शोषणशक्ती क्षीण होते, रोगी खंगत जातो आणि त्याची जीभ लाल होऊन झोंबू लागते. फोलिक आम्ल या रोगावर गुणकारी ठरले.

१९३० नंतरच्या दशकात कुन्नूर येथील प्रयोगशाळेत एक्रॉइड आणि कृष्णन यांनी दक्षिण भारतातील मुलांच्या ओठांच्या चिरा व जिभेचा दाह यांचा संबंध ब-२ जीवनसत्त्वाशी जोडला. ही संस्था पुढे हैदराबादला हलली. ज्वारी हे मुख्य अन्न असलेल्या दख्खनमधील लोकांत आढळणाऱ्या वल्कचर्म रोगाचा अभ्यास तेथे सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ज्या खुणा एके काळी दारिद्र्याच्या म्हणून ओळखल्या जात, त्याच आज शस्त्रक्रिया करून घेतलेल्या सुस्थितीतील माणसाच्या तोंडात दिसू शकतात. एकाच्या ताटात अन्न नव्हते. दुसऱ्याच्या ताटातील अन्नाचा मार्ग बदललेला आहे.

साठा किती दिवस पुरतो?

शस्त्रक्रियेनंतर कोणती उणीव केव्हा दिसेल, हे त्या द्रव्याच्या साठ्यावर अवलंबून असते. ब-१ जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर वारंवार उलट्या होत असतील, तर पहिल्या काही आठवड्यांतच धोका संभवतो. मन गोंधळणे, एकाची दोन दिसणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. अशा रुग्णाला ब-१ दिल्यावाचून केवळ ग्लुकोजचे सलाइन लावणे घातक ठरू शकते, कारण शिल्लक राहिलेले थोडेसे ब-१ ग्लुकोजच्या ज्वलनात खर्ची पडते. फोलिक आम्लाचा साठा तीन-चार महिने पुरतो. लोहाची उणीव बहुधा काही महिन्यांनंतर जाणवू लागते. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांत ती लवकर येते.

ब-१२ ची गोष्ट निराळी आहे. निरोगी माणसाच्या यकृतात त्याचा काही मिलिग्रॅम साठा असतो आणि रोजची गरज अवघी दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. त्यामुळे उणीव प्रकट होण्यास एक-दोन किंवा अधिक वर्षेही लागतात. तोवर वजन उतरलेले असते, रुग्णाला बरे वाटत असते आणि गोळ्या घेण्याचा नेम सुटलेला असतो. तोंड आले तरी त्याचा संबंध जुन्या शस्त्रक्रियेशी लावण्याचे कोणाच्या मनात येत नाही. भारतात आणखी एक अडचण आहे. ब-१२ हे वनस्पतिजन्य अन्नात स्वभावतः नसते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही यांसारख्या पदार्थांतूनच काय ते मिळते. त्यामुळे अनेकांचा साठा शस्त्रक्रियेपूर्वीच तुटपुंजा असतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लता कमी करणारी औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही तो आणखी घटतो.

अर्धवट उपचाराचा धोका

तोंड आले म्हणून औषधाच्या दुकानातून एखादी गोळी आणून घेणे हा सर्वत्र रूढ असलेला उपाय आहे. येथे मात्र त्यात एक गंभीर धोका दडलेला आहे. ब-१२ च्या अभावामुळे झालेला पांडुरोग केवळ फोलिक आम्लाच्या मोठ्या मात्रेनेही सुधारतो. जीभ कदाचित बरी वाटते, रक्ताचे प्रमाण वाढते आणि रुग्ण निर्धास्त होतो. परंतु मज्जातंतूंना हवे असलेले ब-१२ मिळालेले नसते. हातापायांना मुंग्या येणे, पायांखालची जमीन नीट न जाणवणे, अंधारात तोल जाणे अशी लक्षणे हळूहळू वाढत जातात आणि मज्जारज्जूला झालेली इजा पूर्णपणे भरून येईलच असे नसते. म्हणून फोलिक आम्ल सुरू करण्यापूर्वी ब-१२ तपासणे किंवा दोन्ही एकदम देणे हेच योग्य होय.

प्रसूतीच्या वयातील स्त्रियांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, असा सल्ला देतात. आईच्या शरीरात ब-१२ नसेल तर ते तिच्या दुधातही उतरत नाही. अशा बालकाची वाढ खुंटते आणि त्याच्या मेंदूच्या विकासावरही परिणाम होऊ शकतो.

उपचार आणि दक्षता

ब-१२ महिन्यातून एकदा १,००० मायक्रोग्रॅम या मात्रेत इंजेक्शनने देतात किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या रोज देतात. आंतर घटकाच्या मदतीवाचूनही गोळीतील सुमारे एक टक्का भाग आतड्यातून शोषला जातो. म्हणून मोठी मात्रा उपयोगी पडते. लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत. त्यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी चहाबरोबर घेतल्यास तिचा गुण कमी होतो. चव बिघडली म्हणून जस्ताच्या गोळ्या मनाने दीर्घकाळ घेणेही बरे नव्हे, कारण जस्त अधिक झाल्यास तांब्याचे शोषण घटते आणि त्यातून पुन्हा पांडुरोग व मज्जातंतूंचे विकार उद्भवतात.

तोंडाच्या तक्रारीचे कारण प्रत्येक वेळी जीवनसत्त्वांची उणीव हेच असते असे नाही. शस्त्रक्रियेनंतर एका वेळी फार पाणी पिता येत नाही. त्यामुळे तोंड कोरडे पडते. उलट्या किंवा आंबट ढेकरा येत असतील तर आम्लाने दातांचे कवच झिजते. अशा वेळी लगेच दात घासू नयेत; साध्या पाण्याने चूळ भरावी व काही वेळ जाऊ द्यावा. दिवसातून अनेकदा थोडे थोडे खावे लागत असल्याने दात किडण्याचा संभवही वाढतो. जिभेवरील पांढरा थर बुरशीमुळे असू शकतो. सुपारी व तंबाखू खाणाऱ्यांत तिखट न सोसणे किंवा तोंड पुरते न उघडणे हे वेगळ्याच रोगाचे चिन्ह असू शकते. दोन-तीन आठवड्यांत बरा न होणारा कोणताही व्रण तज्ज्ञाला दाखवलाच पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी रक्त तपासून घेण्याची पद्धत आहे. ही तपासणी आणि पूरक गोळ्या यांचा नेम जन्मभर पाळावयाचा असतो, कारण जठराची बदललेली रचनाही जन्मभरच राहते. तोंडाच्या तक्रारीसाठी रुग्ण बहुधा आपल्या मोहल्ल्यातील डॉक्टरकडे किंवा दंतवैद्याकडे जातो. शस्त्रक्रिया दहा वर्षांपूर्वी झालेली असली आणि पोटावरचे व्रण आता दिसेनासे झालेले असले, तरी तिचा उल्लेख त्याने तेथे प्रथम केला पाहिजे. त्या एका वाक्याने डॉक्टरांना ब-१२ ची आठवण होईल आणि जिभेच्या आगीचे खरे कारण वेळीच शोधले जाईल.