एक कान बाहेर

कोट अंगात चढवून मी आरशाकडे वळले, तर शेजारी म्हणाले, "आरसा नंतर. आधी त्या बाकावर बस, हूड वर घे आणि डावीकडे बघ." मी बसले, मान वळवली. मान वळली, पण हूड जागचं हललं नाही. डावा डोळा थेट केशरी अस्तरात गेला. "हा नाही," एवढंच म्हणून त्यांनी कोट माझ्या अंगावरून काढला आणि परत हँगरला लावला. कोट उबदार होता, मापाला बसत होता, दिसायलाही चांगला होता. त्या दुपारी असे पाच कोट परत गेले.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरीण मारण्याचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तो सुरू होतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी त्या आठवड्यात माणसं रजा काढतात आणि गावाकडच्या घरांत तीन-तीन पिढ्या एकत्र उतरतात. आमचे शेजारी निवृत्त दूधवाले शेतकरी, वय सत्तरीपुढचं. बाराव्या वर्षापासून ते जंगलाच्या एकाच तुकड्यात बसत आले आहेत. मला बंदूक चालवायची नव्हती, फक्त त्यांच्या शेजारी बसून बघायचं होतं. ते तयार झाले, पण कोट त्यांच्या पसंतीचा घ्यायचा ही अट घालून. कुडकुडणारा माणूस हलतो, आणि माणूस हलला की हरीण जातं, हे त्यांनी मला रस्त्यातच सांगून ठेवलं होतं.

माझ्याकडे पिसांचा जाड कोट होताच. तो घालून मी उणे वीस अंशांत बसची वाट पाहिलेली आहे. पण बसथांब्यावर आपण पाय आपटतो, हात चोळतो, येरझारा घालतो. शिकारीत तीन-चार तास दगडासारखं बसायचं असतं. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता तयार करतं. बर्फातून ओझं घेऊन चालताना तीच चार-पाच पट होते. म्हणजे एकाच सकाळी दोन वेगळी शरीरं सांभाळायची असतात. जाताना घाम येऊ द्यायचा नाही आणि बसल्यावर जेवढी ऊब तयार होते तेवढी सगळी धरून ठेवायची. म्हणून जाड कोट घालून कुणी चालत जात नाही. तो पाठपिशवीला बांधून न्यायचा, जागेवर पोचल्यावर श्वास बसू द्यायचा आणि मग अंगात घालायचा. आतले कपडे लोकरीचे. सुती बनियन किंवा सुती हुडी घातली, की चालताना आलेला घाम तिच्यात मुरतो आणि तासाभराने पाठीला थंडगार पट्टा लागतो.

पिसांच्या कोटाला शेजाऱ्यांनी नकार दिला तो मात्र वेगळ्याच कारणाने. त्यांनी माझी बाही धरली आणि अंगठ्याचं नख तिच्यावरून ओढलं. खर्र असा आवाज आला. "हे त्याला ऐंशी पावलांवर ऐकू जातं," ते म्हणाले.

त्यानंतर मी दुकानातल्या प्रत्येक कोटावर नख ओढत गेले. पाणी अडवणारा पातळ पडदा आत चिकटवलेले कोट सगळ्यांत महाग होते आणि त्यांतले निम्मे कुरकुर वाजत होते. चांगल्या कोटांत त्या पडद्यावर बाहेरून ब्रश फिरवून लव उठवलेलं कापड असतं. त्यावर नख घसरतं, आवाज येत नाही. फ्लीस मुकं असतं, पण एकटं असलं तर वारा त्यातून सरळ आत येतो. लोकर तर पुरती मुकी. तिच्यावर डहाळी घासली तरी आवाज तिथेच जिरतो. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. पिसं भिजली की गोळा होतात आणि त्यांची ऊब जाते. लोकरीचा तोटा म्हणजे वजन. आवाज फक्त कापडाचाच होतो असंही नाही. खिशाच्या झाकणाला वेल्क्रो असेल तर तो कोट बाद. चेनीचा पत्रा गोठलेल्या बटणावर आपटतो का, तेही हलवून पाहायचं. या गोष्टी लेबलावर लिहिलेल्या नसतात. तिथे असतो तो भरावाच्या ग्रॅमचा आकडा. आत किती भरलंय हे त्यावरून कळतं, पण वारा गळ्यातून शिरतो की कमरेतून, याचा त्याला पत्ता नसतो.

नख ओढता ओढता मला आजोबा आठवले. माण तालुक्यातलं आमचं रान. ज्वारी हुरड्यात आली की रात्री राखणीला माळ्यावर बसावं लागे, कारण रानडुकरं शिरली की एका रात्रीत वाफेच्या वाफे आडवे होत. आजोबांच्या अंगावर म्हसवडकडची काळी घोंगडी असे. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ दिलेली, नवी असताना पत्र्यासारखी ताठ. पावसात तिचीच खोळ करायची: कोपरा आत दुमडायचा, टोक डोक्यावर, बाकीची पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत. थंडीतही ते ती तशीच घेत. पण कानाशी घोंगडी मागे सारलेली असायची. मी लहानपणी ती ओढून त्यांचा कान झाकायला जाई, तर ते हात बाजूला करत. "बाई, एक कान बाहेर पायजे. कान झाकला की डुक्कर आत आलं म्हणून समज." थंडीने त्यांच्या त्या कानाची पाळी कायम फुटलेली असे.

दुकानात पाचवा कोट परत गेल्यावर मी हे शेजाऱ्यांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांना हूड कळत होतं."

शिकारीच्या कोटात खरा पेच हूडचाच असतो. मान आणि डोकं उघडं ठेवून तीन तास बसणं अशक्य आहे, विशेषतः वारा मागून येत असेल तर. गळ्याभोवती वारा अडवायला हूडसारखं दुसरं काही नाही. पण हूड चढवलं की माणूस बहिरा होतो. कापड कानावर घासतं आणि स्वतःच्याच श्वासाचा आवाज आत घुमतो. दिसण्याचा कोनही अरुंद होतो. बाजूला बघायला सगळा खांदा वळवावा लागतो आणि तेवढी हालचाल हरणाला पुरते.

हा पेच फार जुना आहे आणि माणसांनी तो वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवला आहे. हूडवाल्या कोटासाठी वापरला जाणारा अनोरॅक हा शब्द ग्रीनलंडच्या भाषेतून आलेला आहे. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट शिकारी कॅरिबूच्या कातड्याचे दोन सदरे एकावर एक घालत. आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. कॅरिबूचा केस आतून पोकळ असतो आणि त्यातली अडकलेली हवा ऊब धरते. सदऱ्याला पुढून उघडझाप नाही, त्यामुळे वारा शिरायला फट नाही. हूड डोक्याला घट्ट बसेल असं शिवलेलं, म्हणून ते मानेबरोबर फिरतं. त्याच्या कडेला वुल्व्हरिनची लव लावत, कारण तिच्यावर श्वासाचं दव गोठलं तरी हाताने झटकता येतं. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येतो, तेव्हा शिकारी त्या भोकापाशी तासन्‌तास निश्चल उभा राहतो. त्याचा कोट शिवणाऱ्या बायकांना हे सगळं ठाऊक होतं. सुईच्या प्रत्येक टाक्यावर घरच्या माणसाचा जीव होता. याच विस्कॉन्सिनच्या सरोवरांच्या मुलखात लोकरीच्या व्यापारी ब्लँकेटमधून हूडवाला कोट बेतायची रीत होती. त्याला कपोत म्हणत. कपडा फार न कापता, न वाया घालवता बेतलेला आणि कमरेला पट्ट्याने बांधलेला. संग्रहालयात मी तो प्रथम पाहिला, तेव्हा काचेपाशी बराच वेळ उभी राहिले. लोकरीचं एकच पान, त्याचाच अंगरखा आणि त्याचंच टोपरं. आमच्या खोळीचंच ते शिवलेलं रूप.

खुद्द विस्कॉन्सिनने यावर कानटोपी काढली. १९०३ साली कोकॉना गावातल्या क्रोमर नावाच्या रेल्वे इंजिन चालकाची टोपी वाऱ्याने सारखी उडायची, म्हणून त्याने बायकोकडून एका जुन्या बेसबॉल टोपीत बदल करून घेतला. पुढे छोटी झडप आणि कानांवर खाली ओढता येणारी पट्टी. शेजारी तसलीच वापरतात. पट्टी एका बोटाने वर सरकते आणि कान मोकळा होतो. त्यांचं मत असं, की डोकं कानटोपीने झाकावं आणि हूड हे मानेचं काम करणारं मानावं. मला ते पटलं. म्हणजे हूड लागतंच, पण ते बहुतेक वेळ खांद्यांवर पडून गळ्यामागचा वारा अडवतं. वादळी वारा आला तर वर घ्यायचं, तेही ऐकू येणार नाही हे मान्य करून.

यात कायदाही येतो. १९८० पासून इथे बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याला भडक केशरी रंग सक्तीचा आहे. कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी त्या रंगाचा हवा. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. डोक्यावर जे असेल तेही निम्मं रंगीत लागतं, म्हणून केशरी कानटोपीवर करडं हूड ओढून चालत नाही. शेजाऱ्यांच्या वडिलांचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट त्यांच्या कोठीत टांगलेला आहे. तो घातला तर वरून केशरी बंडी चढवावी लागते. हरणाला हा केशरी भडक दिसत नाही. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आणि केशरी आणि हिरवा त्याला जवळजवळ सारखेच. निळा मात्र त्याला चांगला दिसतो. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून काही साबणांत जी चमक घातलेली असते ती या निळ्या टोकाची. तसल्या साबणात धुतलेला केशरी कोट पहाटेच्या अर्धवट उजेडात हरणाला उठून दिसू शकतो. माणसाच्या जिवासाठी केशरी आणि हरणासाठी बिनचमकीचा, अशी दोन्ही अंगं त्या कोटाने सांभाळायची.

शेवटी घेतला तो सहावा. बाहेरून लव उठवलेलं मुकं कापड, आत कृत्रिम भराव, मापाहून एक नंबर मोठा, म्हणजे आत दोन लोकरी थर मावतील. बसल्यावरही कोट मांड्यांच्या वरच्या भागापर्यंत येत होता. दोन्ही हात पुढे केले तरी मनगट उघडं पडत नव्हतं. पाठीवर खांद्यांच्या मधोमध एक उभी चीर होती, सुरक्षापट्ट्याचा दोर त्यातून बाहेर काढता येतो. मचाणावर हा पट्टा नसेल तर शेजारी चढूच देत नाहीत. हूड चेनीने सुटं करता येणारं, उथळ, मागच्या बाजूला एक नाडी. ती ओढली की हूडचा फुगा मागे जातो आणि पुढची कड कपाळाला टेकते. मी बाकावर बसले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मानेबरोबर हूडही फिरलं.

घरी आणल्यावर तो स्वयंपाकघराशेजारच्या कपाटात ठेवायची चूक मी एक दिवस केली. फोडणीचा वास लव असलेल्या कापडात किती खोल शिरतो, हे मला तेव्हा कळलं. हरणाचं नाक माणसाच्या कितीतरी पुढे. कोट धुतला आणि तीन आठवडे मागच्या उघड्या ओसरीत टांगला. त्या तीन आठवड्यांत मी हिंग घातलेलं काही रांधलं नाही. असं कुणी सांगितलं नव्हतं, पण मला ते करावंसं वाटलं.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी पहाटे सव्वापाचला आम्ही निघालो. उणे अकरा अंश होते. कोट पाठीवर बांधलेला आणि अंगात नुसते लोकरी थर, त्यामुळे पहिली पाच मिनिटं दातावर दात आपटत होते. मग चालण्याने ऊब आली. मचाण दोघांचं, शिडीचं. वर चढून पट्टे अडकवले. शेजाऱ्यांनी बोट वर करून थांबायला सांगितलं आणि श्वास शांत झाल्यावर मान हलवली. तेव्हा मी कोट घातला. चेन वर ओढायला मी अर्धं मिनिट घेतलं, एकेक दात मोजत.

इथे सूर्योदयाआधी अर्धा तास बंदूक चालवायची मुभा सुरू होते. त्याआधीचा अंधार लांबच लांब वाटतो. पायांची बोटं गेली, मग नाक. छाती आणि पाठ मात्र चुलीपुढे बसल्यासारखी उबदार राहिली. वारा मागून होता. सातच्या सुमाराला मानेला झोंबू लागला, म्हणून मी हूड वर घेतलं. जंगल एकदम बंद झालं. मला फक्त माझा श्वास ऐकू येऊ लागला. पाच मिनिटांनी शेजाऱ्यांकडे पाहिलं तर त्यांनी कानटोपीची डाव्या बाजूची पट्टी वर सारलेली. उजवा कान झाकलेला आणि डावा लालबुंद, थंडीत उघडा.

मी हूड हळूच मागे सोडलं आणि माझ्या टोपीची एक बाजू वर केली.

ओकच्या सुक्या पानांत आधी खार ऐकू आली. खार धावते, थांबते, धावते, आणि एवढ्याशा जिवाचा आवाज गाईएवढा असतो. मग तिच्या पलीकडे काहीतरी वेगळं. एक पाऊल, बराच वेळ काही नाही, पुन्हा एक पाऊल. शेजाऱ्यांच्या बाहीला माझी बाही लागलेली होती. त्यांनी बंदूक वर घेतली तेव्हा मला ते फक्त दंडाला जाणवलं. कापडाचा आवाज झाला नाही.

हरणी मोठी होती. एकाच गोळीत ती पडली. खाली उतरल्यावर शेजाऱ्यांनी टोपी काढली आणि काही क्षण तिच्याजवळ उभे राहिले. मग कोट काढला, अस्तर बाहेर करून फांदीला टांगला, बाह्या वर केल्या आणि गुडघ्यावर बसले. त्या थंडीत हरणीच्या पोटातून वाफ निघत होती. ते काम करत होते तोवर त्यांचा कोट मी हातात धरला, कारण फांदीवरून तो बर्फात घसरत होता. त्याच्या हूडची डावी कड झिजून पातळ झालेली होती. वर्षानुवर्षं तिथूनच मागे सारून.

हरणी ओढत नेताना आम्हा दोघांच्याही अंगावर कोट नव्हते. रस्त्याला लागल्यावर शेजारी ओंडक्यावर बसले आणि फोनवर शिकारीची नोंदणी करू लागले. घाम थंड व्हायला लागला होता. मी कोट घातला, गळ्यापर्यंत चेन ओढली. आता ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी कानटोपीच्या दोन्ही पट्ट्या खाली केल्या, हूड वर घेतलं आणि नाडी आवळली.