शाहगंजचा चौक: वर मशीद, खाली दुकानं

कोकणातून शाळेची सहल औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला गेली, की बीबी का मकबरा, पाणचक्की आणि वेरूळ ठरलेलंच असतं. आम्ही संगमेश्वरकडची माणसंही तेच करतो. मकबऱ्यासमोर फोटो काढतो आणि गाडीत बसतो. जुन्या शहरातला शाहगंजचा चौक मात्र राहून जातो.

हे शहर मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी या नावाने वसवलं. पुढे औरंगजेबाच्या काळात ते औरंगाबाद झालं. शाहगंज ही इथली मोठी बाजारपेठ. चौकातली मशीद साधारण १७२० ची. ती उंच चौथऱ्यावर उभी आहे. चौथऱ्याच्या तीन बाजूंना, रस्त्याच्या पातळीवर, दुकानं काढलेली आणि चौथ्या बाजूने पायऱ्या. वर गेलं की मोकळं सहन, त्यात वुजूसाठी हौद, आणि समोर पाकळीदार कमानी. जवळच निजामाच्या काळातला घड्याळाचा मनोरा आहे.

आता मुलांना एक प्रश्न विचारा: मशिदीखाली दुकानं कशासाठी?

जुन्या शहरांतून अशी बांधणी बऱ्याच ठिकाणी दिसते. तिच्यामागे सरळ हिशेब असतो. दुकानांच्या भाड्यातून दिवाबत्ती, पाणी, डागडुजी आणि इमाम-मुअज्जिनचा पगार निघावा, दरवेळी चंदा मागायची वेळ येऊ नये. मिळकत वक्फ करायची ती यासाठीच. शिवाय अजान झाली की दुकानदार चार पायऱ्या चढून जमातीत उभा राहतो. गिऱ्हाईक तर सगळ्याच धर्मांचं असतं. म्हणून असा चौक एकट्या कुणाचा नसतो, सगळ्या गावाचा असतो.

पण भाडंच नाममात्र राहिलं तर हा हिशेब कोलमडतो. वक्फ मिळकतींचं उत्पन्न त्यांच्या किमतीच्या मानाने फारच कमी आहे, हे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं आहे. त्यात दोष एकट्या सरकारचा नाही. वक्फच्या गाळ्यात बसून आजोबांच्या वेळचं भाडं देणारे आपलेच भाईबंदही असतात.

तेव्हा पुढच्या सहलीत शाहगंजसाठी एक तास ठेवूया. आणि घरी परतल्यावर आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा खर्च कशातून भागतो, हेही मुलांसमोर एकदा विचारून घेऊया.