पत्र्यावरची वीज : पिंपरी-चिंचवड ते चाकण

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात सौरविजेविषयी रूढ झालेल्या अनेक समजुतींचे मूळ भारनियमनाच्या वर्षांत आहे. २००६ मध्ये पुणे परिसरातील उद्योगांनी स्वतःचे जनरेटर चालवून महावितरणवरील भार हलका केला आणि शहराची वीजकपात टाळली. त्या अनुभवानंतर आवारात तयार होणारी वीज म्हणजे अडचणीच्या वेळची वीज, असे समीकरण मनात बसणे स्वाभाविक होते. पुढे शेडवर सौर पॅनेल आली तेव्हा त्यांच्याकडूनही हीच अपेक्षा ठेवली गेली. परंतु बॅटरीविना थेट वीजजाळ्याला जोडलेली यंत्रणा महावितरणचा पुरवठा खंडित होताच आपोआप थांबते, कारण ती चालू राहिली तर तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते.

राज्य वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे, म्हणजे वापरून उरलेली वीज जाळ्यात सोडून ती बिलातून वजा करून घेण्याचे, नियम केले. त्यांचे मोल भोसरी-पिंपरीच्या लघुउद्योगांत गुरुवारी कळते, कारण साप्ताहिक सुटीमुळे यंत्रे बंद असली तरी पॅनेल वीज बनवतच राहतात. या भागातील जुन्या शेडची करवतीच्या दात्यांसारखी छपरेही येथे पथ्यावर पडली : आत सौम्य उजेड यावा म्हणून त्यांच्या काचा उत्तरेकडे ठेवल्या गेल्या आणि पत्र्याचा उतार आपसूक दक्षिणेकडे, सूर्यासमोर आला. मात्र सिमेंटचे जुने, ठिसूळ पत्रे बदलण्याचा खर्च न धरता मांडलेला परतफेडीचा हिशेब अपुराच म्हणावा लागतो.

सर्वांत मोठी गल्लत क्षमता आणि उत्पादन यांत होते. किलोवॉट हा आकडा यंत्रणा अनुकूल उन्हात किती जोर लावू शकते हे सांगतो, तर बिलात मोजले जाते ते युनिट. टाटा मोटर्सच्या चिखली येथील कारखान्यात जून २०२१ मध्ये ६.२ मेगावॉटची सौरछत्री उभी राहिली, जिच्या सावलीत तयार मोटारी उभ्या राहतात. तिचे अपेक्षित वार्षिक उत्पादन ८६.४ लाख युनिट आहे, म्हणजे एका किलोवॉटमागे दिवसाला चारहूनही कमी युनिट. चाकणच्या स्कोडा-फोक्सवॅगन कारखान्याच्या छतावरील ८.५ मेगावॉटच्या यंत्रणेतूनही कारखान्याची सुमारे १५ टक्केच गरज भागेल, असे सांगण्यात आले होते. एवढे विस्तीर्ण छप्पर असूनही वाटा इतकाच, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘शंभर टक्के सौर’ अशा जाहिराती तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

शंका घेणाऱ्यांचे म्हणणेही तपासले पाहिजे. पॅनेल बनवण्यात खर्ची पडलेली ऊर्जा ते कधीच भरून काढत नाही, हा आक्षेप निराधार आहे. ती भरपाई साधारण एक ते चार वर्षांत होते आणि पॅनेल पंचवीस वर्षे टिकते. कडक उन्हात वीज वाढत जाते हा समजही अर्धवटच आहे, कारण विजेला हवा असतो प्रकाश. पॅनेलचे तापमान २५ अंशांपुढे गेले की दर अंशामागे उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पत्र्यावर दहा टक्क्यांहून अधिक फटका बसू शकतो.

२०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेने हा विषय घराघरांत नेला. तीन किलोवॉटच्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान मिळते, तरी उरलेली रक्कम कुटुंबालाच घालावी लागते आणि बिलातील स्थिर आकारही कायम राहतो. चाकणच्या कारखान्यांत तर तिसरी पाळी सूर्यास्तानंतर लागते आणि साठवणूक नसेल तर तिची सारी वीज बाहेरूनच घ्यावी लागते.