पंचवीस हजारांचा सुगंध घ्यावा की नाही?

धारूर – लग्नमंडपाच्या दारात पाहुण्यांच्या हाताच्या पाठीवर अत्तराचे बोट फिरवायचे आणि वरून गुलाबपाणी शिंपडायचे, ही मराठवाड्यातील जुनी रीत. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे गुलाब, हीना, खस आणि ऊद ही नावे इथल्या घरांना नवी नाहीत. किल्ल्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या धारूरलाही सुगंधाचा हा शौक परका नाही. मात्र आता मोबाइलच्या पडद्यावरून एक वेगळेच नाव येथील तरुणांपर्यंत पोहोचले आहे. ते म्हणजे ‘बाकारा रूज ५४०’.

या फ्रेंच सुगंधाच्या ७० मिलिलिटरच्या कुपीसाठी वीस हजार रुपयांहून अधिक मोजावे लागतात. एवढे असूनही त्याविषयी एकमत नाही. कोणी त्याला स्वर्गीय म्हणतो, तर कोणाला त्यात जळकी साखर आणि दवाखाना आठवतो. ज्या तालुक्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडणीसाठी घर सोडतात, तेथे ही रक्कम सहज खर्चून टाकण्याजोगी नव्हे. एवढे पैसे मोजण्यापूर्वी हा प्रकार नेमका काय आहे, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

काचेच्या कारखान्यातून आलेले नाव

फ्रान्समधील बाकारा येथील स्फटिककाचेचा कारखाना १७६४ मध्ये सुरू झाला. त्याला अडीचशे वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त सुगंधकार फ्रान्सिस कुर्कजाँ यांनी हा सुगंध तयार केला. आधी तो मोजक्याच कुप्यांमध्ये निघाला. २०१५ मध्ये तो सर्वांसाठी बाजारात आला. रूज म्हणजे लाल. सोने मिसळलेल्या काचेला तिचा प्रसिद्ध लाल रंग ५४० अंश तापमानाला येतो, असे कंपनी सांगते. तोच आकडा नावात आला. कुर्कजाँ यांची सुगंधसंस्था २०१७ मध्ये ‘एलव्हीएमएच’ या बड्या उद्योगसमूहाने ताब्यात घेतली.

कुपीत काय आहे, हे जाणकारांना ठाऊक आहे. त्यातील गोडवा प्रामुख्याने ‘इथाइल माल्टॉल’ या द्रव्याचा. जत्रेत मिळणाऱ्या ‘म्हातारीच्या केसां’चा जो वास, तोच याचा. दुसरा महत्त्वाचा घटक अंबरगंधाचा. ‘व्हेल माशाची उलटी’ पकडल्याच्या बातम्या कोकणातून अधूनमधून येत असतात. तो पदार्थ म्हणजेच नैसर्गिक अंबर. स्पर्म व्हेल वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्याने भारतात त्याचा व्यापार गुन्हा आहे. आधुनिक सुगंधात मात्र व्हेलचा संबंध येत नाही. क्लॅरी सेज या वनस्पतीपासून मिळणाऱ्या द्रव्यावर प्रक्रिया करून ‘अँब्रॉक्सन’ बनवले जाते आणि तेच अंबराची जागा घेते. या दोहोंच्या जोडीला जाईचा हलका सूर, देवदार आणि केशराची आठवण देणारा, चामड्यासारखा किंचित औषधी वास आहे. दवाखान्याची आठवण बहुधा या शेवटच्या वासामुळेच होत असावी.

एकच कुपी, दोन नाके

एकाला जे आवडते ते दुसऱ्याला का खुपते, याचे एक उत्तर शरीरातच आहे. वास ओळखणाऱ्या ग्राहकांची जनुके शोधल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या नाकात असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक काम करतात आणि ते सर्वांमध्ये तंतोतंत सारखे नसतात. घामात आढळणारे ‘अँड्रोस्टेनोन’ हे द्रव्य काहींना उग्र, काहींना गोडसर वाटते, तर काहींना त्याचा वासच येत नाही. हा फरक एका जनुकाशी निगडित असल्याचे २००७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. कस्तुरी आणि अंबर यांच्या जातकुळीतील जड द्रव्यांबाबतही असे घडते. काहींना ती जाणवतच नाहीत.

दुसरे कारण सवयीचे. सतत येणाऱ्या वासाची नोंद घेणे मेंदू काही वेळात कमी करतो. लावणाऱ्याला वाटते की सुगंध उडून गेला. तो आणखी दोन फवारे मारतो. शेजारी बसलेल्याच्या डोक्यात मात्र तो भिनत असतो. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. तापमान चाळिशीपार गेले की सुगंधी द्रव्ये वेगाने उडतात आणि गोड, जड वास एसटीच्या गर्दीत नकोसा होतो. बाकारा रूजविषयीच्या अनेक तक्रारी अशा अतिवापरातून आल्या असणे शक्य आहे.

हिशेब आणि कसोटी

दुसऱ्याच्या नाकावर विसंबून ही खरेदी करता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते. स्तुती करणारा खोटे बोलत नसतो आणि नाक मुरडणाराही नाही. प्रश्न एवढाच उरतो, की तो सुगंध स्वतःच्या अंगावर कसा वाटतो. जुन्या अत्तरवाल्यांना हे पुरते ठाऊक होते. ते गिऱ्हाइकाच्या हातावर थेंब चोळत आणि फाया कानात ठेवायला देत. गिऱ्हाईक बाजार करून परत येई, तेव्हा सौदा ठरे. अत्तराचा पहिला वास आणि दोन तासांनंतरचा वास वेगळा असतो, हे त्यामागचे तत्त्व होते.

अशा महागड्या सुगंधांची दालने मोठ्या शहरांतच आहेत. तेथे जाणे झाले तर कागदाच्या पट्टीवर निर्णय करू नये. मनगटावर एक फवारा घेऊन दुकानाबाहेर पडावे. जाणे शक्य नसेल तर एक-दोन मिलिलिटरची नमुनाकुपी विश्वासू विक्रेत्याकडून मागवता येते. एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा फवारे निघतात. ते तीन-चार वेगवेगळ्या दिवशी वापरावेत, त्यांतला एक दिवस कडक उन्हाचा असावा. घरातल्या माणसांना काही न सांगता त्यांचे मत घ्यावे. नंतरही तो वास पुन्हा हवासा वाटला, तरच पुढचा विचार करावा.

मग हिशेब सोपा आहे. कुपीची किंमत पंचवीस हजार धरली आणि सातशे फवारे निघतील असे मानले, तर रोज दोन फवाऱ्यांप्रमाणे ती साडेतीनशे दिवस पुरेल. म्हणजे दिवसाला सुमारे सत्तर रुपये. रोज लावणाऱ्याला हा खर्च कदाचित पटेल. वर्षातून चार लग्नांना लावणाऱ्यासाठी मात्र नमुनाकुपीच पुरेशी आहे.

याच धाटणीचे स्वस्त सुगंधही बरेच आहेत. गायिका आरियाना ग्रांदे यांच्या नावाने २०१८ मध्ये आलेल्या ‘क्लाउड’ची तुलना नेहमी याच्याशी होते. स्वतःच्या नावाने विकले जाणारे असे सुगंध आणि मूळ कंपनीचे नाव, खोके व कुपी हुबेहूब उचललेला बनावट माल यांत फरक करायला हवा. पहिला पर्याय आहे, दुसरी फसवणूक. आयात मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे बंधनकारक आहे. ते नसेल आणि किंमत निम्म्याहून कमी असेल, तर संशय घ्यावा. पावती जपून ठेवावी. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ‘आवडला नाही’ ही मात्र तक्रार ठरत नाही. सील उघडलेली कुपी विक्रेते सहसा परत घेत नाहीत.

बाकारा रूज हा वाईट सुगंध नाही आणि सर्वांसाठीही नाही. कर्ज काढून किंवा हप्ते बांधून घेण्याइतका तर तो कोणासाठीच नाही. ज्याला तो चार दिवस अंगावर वागवूनही आवडला आणि दिवसाचे सत्तर रुपये ज्याला जड नाहीत, त्याने तो खुशाल घ्यावा. इतरांनी केवळ नावासाठी पैसे मोजू नयेत. लग्नमंडपाच्या दारात हातावर फिरणारे अत्तराचे बोट आजही फुकट आहे.