अंड्याला डोकं कुठे, हे कोण सांगतं?

पिकल्या केळ्यांवर घिरट्या घालणारं चिलट आपण हातानं हाकलून देतो. तीच ही फळमाशी, शास्त्रज्ञांची ड्रॉसोफिला. तिचं अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात डोकं कुठे आणि शेपूट कुठे, हे ठरतं कसं? मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण या प्रश्नानं मला झपाटलं.

माशीत सुमारे १४ हजार जनुकं असतात. सगळी एकदम बोलू लागली तर नुसता गलका होईल. कुणी कधी बोलायचं, हे ‘ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर’ नावाची प्रथिनं ठरवतात. डीएनएवरची ठरावीक अक्षरं ओळखून असं प्रथिन तिथे जाऊन बसतं, इतर प्रथिनांना बोलावतं, आणि मग आरएनए पॉलिमरेज हा लेखनिक जनुकाची नक्कल उतरवू लागतो. त्या नकलेवरून नवं प्रथिन बनतं.

अंड्यातला पहिला निरोप मात्र आईचा. अंडं घडत असतानाच ‘बायकॉइड’ जनुकाची नक्कल ती एका टोकाला ठेवून देते. पुढे त्यावरून प्रथिन तयार होतं आणि पाण्यात सोडलेल्या शाईसारखं पसरतं. टोकाशी दाट, पुढे विरळ. सुरुवातीला अंड्यात पेशींच्या भिंतीच नसतात, म्हणून हे जमतं. डीएनएची घट्ट गुंडाळी सैल करायला ‘झेल्डा’ हे दुसरं प्रथिन असतं. तेही आईच्याच शिदोरीतलं. मग बायकॉइड जिथे पुरेसं दाट, त्या पुढच्या अर्ध्या भागात ‘हंचबॅक’ जनुक जागं होतं. तिकडे डोकं आणि छाती. आईचं बायकॉइड बिघडलेलं असेल तर अळीला दोन्ही येत नाहीत. बापाचं जनुक धड असून काही उपयोग नाही!

माशीच्या शरीराची घडण ठरवणारी जनुकं हुडकल्याबद्दल क्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड, एरिक वीशाउस आणि एडवर्ड लुइस यांना १९९५ साली नोबेल मिळालं.

या मंडळींची नावं ठेवण्याची तऱ्हा मला फार आवडते. जनुक बिघडल्यावर जे दिसतं, तेच त्याचं नाव. ‘आयलेस’ म्हणजे डोळे नसलेलं. काम मात्र डोळा घडवायला सुरुवात करून देण्याचं. हाही ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरच. १९९५ मध्येच बाझेलला वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत तो माशीच्या पायात, पंखात जागा केला, तर तिथे डोळे उगवले. उंदराचं तसंच जनुक घातलं, तरीही माशीचेच डोळे आले. माणसात त्याचा भाऊबंद आहे पॅक्स-६. त्याची एक प्रत बिघडली, तरी मूल डोळ्यातल्या रंगीत पडद्याविना जन्मू शकतं, आणि उन्हात त्याला डोळे उघडवत नाहीत.