जाहिराती टाळणारं यंत्र बनवणारा माणूस जाहिरातींवर कसा जगायला लागला?

या आठवड्याचा भाग ज्यांना ऐकायला जमला नाही, इअरफोन घरी विसरला किंवा लोकलच्या गर्दीत काही कळलंच नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जे अर्धवट राहिलं होतं, तेही इथे पूर्ण केलंय.

सुरुवात एका जपानी शब्दानं करू. ‘रोकू’. जपानीत याचा अर्थ सहा. अमेरिकेत याच नावाची एक कंपनी आहे. टीव्हीला जोडायचा छोटा डबा, काठी आणि टीव्हीच्या आतली सॉफ्टवेअर बनवणारी. तिचा संस्थापक अँथनी वूड. ही त्याची सहावी कंपनी, म्हणून नाव ‘सहा’. इतकं सरळ!

आपल्याकडे फायर स्टिक आणि अँड्रॉइड टीव्ही जास्त दिसतात, रोकू फारसं कुणाच्या घरात नसेल. मग या माणसाची गोष्ट आपण का ऐकायची? कारण तुमच्या घरातला टीव्ही इतका स्वस्त कसा झाला आणि त्याची खरी किंमत कोण भरतंय, याचं उत्तर या एका माणसाच्या करिअरमध्ये सापडतं.

सगळं सुरू झालं ‘स्टार ट्रेक’मुळे

वूडचा जन्म इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा, पण शिक्षण अमेरिकेत. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. धंद्याचा किडा मात्र आधीपासूनच. कॉलेजात असताना त्याची ‘सनराइज इंडस्ट्रीज’ नावाची कंपनी होती. त्या काळात गाजलेल्या अमिगा कॉम्प्युटरसाठी आवाज रेकॉर्ड करायची उपकरणं आणि सॉफ्टवेअर ती विकायची. मग इंटरनेटची लाट आली आणि त्यानं ‘आयबँड’ काढली. १९९६ मध्ये ती मॅक्रोमीडिया या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीनं विकत घेतली. हातात पैसा आला, नोकरीही मिळाली. बहुतेक लोक इथे थांबले असते.

पण वूडला एक साधी अडचण छळत होती. त्याला ‘स्टार ट्रेक’ बघायचं असायचं आणि ते लागायचं तेव्हा तो घरी नसायचा. उपाय एकच, व्हीसीआर. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी व्हीसीआर पाहिलाही नसेल, तर आईबाबांना विचारा. भाड्यानं व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर बघायचे ते दिवस त्यांना नक्की आठवतील. कॅसेट घाला, टायमर लावा, नेमकं तेव्हाच टेप संपते, किंवा आधीचा एपिसोड पुसला जातो.

वूडनं विचार केला, कॅसेटऐवजी हार्ड डिस्क वापरली तर?

डीव्हीआर नेमका काय करायचा?

इथे जरा तंत्र समजून घेऊ, अवघड नाहीये. कॅसेटवर एका वेळी एकच काम होतं, रेकॉर्ड किंवा प्ले. कारण टेप एकाच जागी, एकाच दिशेनं पुढे सरकते. हार्ड डिस्कचं तसं नसतं. तिच्यावर एकीकडे लिहिता येतं आणि त्याच वेळी दुसरीकडचं वाचता येतं, आणि हे इतक्या वेगानं की बघणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी चालल्यासारखं वाटतं.

म्हणजे काय होतं बघा. टीव्हीवर येणारं चित्र हा डबा सतत डिस्कवर साठवत राहतो. तुम्ही जे बघता, ते खरं तर डिस्कवरून येत असतं. फोन वाजला, तुम्ही पॉज दाबलं. रेकॉर्डिंग चालूच, फक्त तुमचं बघणं थांबलं. दहा मिनिटांनी परत आलात की जिथे सोडलं तिथून पुढे. आणि आता तुम्ही प्रक्षेपणाच्या दहा मिनिटं मागे आहात, म्हणजे जाहिरात आली की ती ढकलून पुढे जाता येतं!

आज हे वाचून तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? पण नव्वदच्या दशकात चालू टीव्ही थांबवणं म्हणजे जादू होती. तोवर वेळ चॅनेल ठरवायचं आणि आपण तिच्याभोवती जेवण उरकायचो. या डब्यानं ती वेळ पहिल्यांदा प्रेक्षकाच्या हातात दिली.

वूडनं १९९७ मध्ये ‘रिप्लेटीव्ही’ कंपनी काढली. जानेवारी १९९९ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात ते यंत्र लोकांसमोर आलं. गंमत अशी, की त्याच प्रदर्शनात ‘टिवो’ नावाची दुसरी कंपनीही अगदी तसंच यंत्र घेऊन आली होती. रिप्लेटीव्हीचा डबा महाग, पण महिन्याची फी नाही. टिवोचा डबा स्वस्त, पण सेवेसाठी वेगळे पैसे. लोकांच्या तोंडी नाव बसलं ते टिवोचं.

पहिला मोठा फटका

रिप्लेटीव्हीनं शेअर बाजारात उतरायची तयारी केली होती. पण २००० साली डॉटकॉमचा फुगा फुटला आणि आयपीओ मागे घ्यावा लागला. २००१ मध्ये कंपनी ‘सॉनिकब्लू’ला विकली गेली.

सॉनिकब्लूनं पुढच्या मॉडेलमध्ये दोन गोष्टी दिल्या. एक, रेकॉर्ड केलेला कार्यक्रम बघताना जाहिराती आपोआप गाळणं. दोन, रेकॉर्ड केलेला कार्यक्रम इंटरनेटवरून दुसऱ्या रिप्लेटीव्हीवाल्याला पाठवणं. मग काय, टीव्ही नेटवर्क आणि हॉलिवूडचे स्टुडिओ सरळ कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं उघड होतं. आमचा कार्यक्रम फुकट दिसतो तो जाहिरातींच्या पैशावर, आणि तुम्ही जाहिरातच काढून टाकता!

या खटल्यात २००२ साली एक विलक्षण गोष्ट घडली. प्रेक्षक काय बघतात, काय रेकॉर्ड करतात, कुठली जाहिरात गाळतात, याची माहिती सॉनिकब्लूनं स्वतः गोळा करून समोरच्या पक्षाला द्यावी, असा आदेश एका न्यायाधीशानं दिला. लोक खवळले. माझ्या घरात मी काय बघतो ते कोर्टाला कशाला? काही आठवड्यांत वरच्या न्यायाधीशांनी तो आदेश फिरवला.

हा प्रसंग लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

खटल्याचा खर्च, कर्ज, मंदी या सगळ्यात सॉनिकब्लू मार्च २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली. खटला निकालापर्यंत पोचलाच नाही. कल्पना मात्र मेली नाही. केबल आणि डिश कंपन्यांनी रेकॉर्डिंग आपल्याच सेट-टॉप बॉक्समध्ये घातलं. आपल्याकडेही टाटा स्काय प्लससारखे डबे आले ते याच कल्पनेतून. वेगळा डबा विकणाऱ्याचं काम तिथे संपलं.

नेटफ्लिक्समध्ये बनला, नेटफ्लिक्सनंच सोडला

वूडनं ऑक्टोबर २००२ मध्ये रोकू सुरू केली. सुरुवातीची उत्पादनं म्हणजे एचडी टीव्हीवर फोटो आणि व्हिडिओ दाखवणारा प्लेअर आणि घरातल्या वायफायवरून गाणी वाजवणारं ‘साउंडब्रिज’. चांगली उपकरणं होती, पण घराघरात पोचली नाहीत.

२००७ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सनं इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला सुरुवात केली. तोवर ती डीव्हीडी पोस्टानं पाठवणारी कंपनी होती. अडचण अशी, की ते सिनेमे फक्त कॉम्प्युटरवर दिसायचे, आणि पिक्चर माणसाला सोफ्यावर बसून बघायचा असतो. म्हणून नेटफ्लिक्सचा प्रमुख रीड हेस्टिंग्ज यानं वूडला बोलावलं. रोकू सांभाळतच वूड नेटफ्लिक्समध्ये इंटरनेट टीव्ही विभागाचा उपाध्यक्ष झाला आणि त्याच्या टीमनं नेटफ्लिक्सचा स्वतःचा डबा तयार केला.

डबा तयार, बाजारात यायला काही आठवडे बाकी. आणि डिसेंबर २००७ मध्ये हेस्टिंग्जनं तो रद्द केला!

कारण ऐकण्यासारखं आहे. नेटफ्लिक्सला प्रत्येक टीव्हीवर, प्रत्येक गेमिंग कन्सोलवर, प्रत्येक कंपनीच्या यंत्रावर दिसायचं होतं. स्वतःचं यंत्र विकायला लागलं, तर बाकीचे यंत्रवाले नेटफ्लिक्सला भागीदार मानतील की प्रतिस्पर्धी? तयार माल, केलेला खर्च, टीमची मेहनत, सगळं समोर असताना ‘हे आपलं काम नाही’ म्हणायला हिंमत लागते.

पण डबा वाया गेला नाही. तो आणि त्यावर काम करणारी टीम रोकूकडे गेली, नेटफ्लिक्सनं रोकूत पैसेही गुंतवले. मे २००८ मध्ये तो बाजारात आला. किंमत १०० डॉलरला एक सेंट कमी, आणि दिसायचं त्यावर फक्त नेटफ्लिक्स.

आतलं तंत्र रिप्लेटीव्हीच्या बरोबर उलट होतं. यात हार्ड डिस्कच नाही. सिनेमा दूरच्या सर्व्हरवर. डबा त्याचे छोटे छोटे तुकडे मागवतो, थोडे पुढचे तुकडे आपल्या मेमरीत भरून ठेवतो आणि दाखवत जातो. नेट मंदावलं तर कमी दर्जाचं चित्र मागवतो, म्हणजे चित्र थोडं धुरकट होतं पण अडकत नाही. तुमच्या फोनवर आज नेमकं हेच चालतं. काही साठवायचंच नाही म्हटल्यावर डबा लहान आणि स्वस्त झाला.

डबा विकून पैसे मिळतच नाहीत

पुढे रोकूनं इतर सेवांसाठीही दार उघडलं. २०१४ पासून टीसीएल, हायसेन्ससारख्या कंपन्यांच्या टीव्हीत रोकूचं सॉफ्टवेअर आतच बसून यायला लागलं. सप्टेंबर २०१७ मध्ये १४ डॉलर भावानं आयपीओ आला आणि पहिल्याच दिवशी शेअर २३.५० वर बंद झाला.

आता खरी मेख. २०१८ मध्ये पहिल्यांदा रोकूची निम्म्याहून जास्त कमाई यंत्रांमधून नाही, तर ‘प्लॅटफॉर्म’मधून आली. प्लॅटफॉर्म म्हणजे मुख्यतः जाहिराती. रोकूच्या फुकट चॅनेलवरच्या, पडद्यावरच्या, इतर ॲपमधल्या जाहिरातींतला वाटा. तुम्ही त्यातून एखादं सबस्क्रिप्शन घेतलं तर त्यात वाटा. रिमोटवर एखाद्या सेवेच्या नावाचं बटण असतं ना? त्याचेही पैसे ती सेवा देते. २०२४ मध्ये रोकूची एकूण कमाई सुमारे ४१० कोटी डॉलर होती, त्यातले साधारण ३५० कोटी प्लॅटफॉर्मचे. यंत्रं तर तोट्यात विकली जातात, घरात शिरण्यासाठी.

म्हणजे बघा, ज्याच्या पहिल्या गाजलेल्या यंत्रावर जाहिराती ढकलून पुढे जाता यायचं, त्याची आजची कंपनी जाहिरातींवर उभी आहे. तो बदलला का? मला तसं वाटत नाही. रिप्लेटीव्हीच्या वेळी पैसे देणारा गिऱ्हाईक प्रेक्षक होता, म्हणून यंत्र प्रेक्षकाची बाजू घ्यायचं. आज टीव्हीची बरीचशी किंमत जाहिरातदार भरतो. जो पैसे देतो, त्याच्या बाजूनं यंत्र झुकतं.

आणि हे वैभवही स्थिर नसतं. लॉकडाऊननंतर, जुलै २०२१ मध्ये रोकूचा शेअर ४७० डॉलरच्या वर गेला होता. जाहिरातदारांनी हात आखडता घेतला आणि २०२२ संपताना तो ४० च्या आसपास होता. मग नोकरकपातही झाली.

आता तो २००२ चा आदेश आठवा

तेव्हा प्रेक्षकांवर पाळत ठेवायच्या कल्पनेनंच लोक संतापले होते. आज बहुतेक स्मार्ट टीव्हींत एक तंत्र असतं, ज्याला एसीआर म्हणतात. टीव्ही पडद्यावरच्या चित्राचा किंवा आवाजाचा एक छोटा ‘ठसा’ घेतो, तो मोठ्या यादीशी जुळवतो आणि तुम्ही काय बघताय ते ओळखतो. केबल असो, पेनड्राइव्ह असो. रोकूच्या टीव्हींतही ही सोय आहे. २०१७ मध्ये ‘व्हिझिओ’ या टीव्ही कंपनीनं १.१ कोटी टीव्हींवरून नीट परवानगी न घेता अशी माहिती गोळा केल्याबद्दल अमेरिकेत २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

आता परवानगी विचारतात. नवीन टीव्ही लावताना, सगळे सोफ्यावर वाट बघत असताना, आपण जे ‘मान्य आहे’ धडाधड दाबतो ना, तीच ती.

म्हणून आजचं छोटंसं काम. घरी गेल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा, प्रायव्हसीचा भाग उघडा आणि कशाकशाला होकार दिलाय ते एकदा वाचा. नको ते बंद करा, टीव्ही चालायचा थांबत नाही. आणि ज्यांना धंदा करायचाय, त्यांनी वूडकडून एवढं तरी घ्यावं. रिप्लेटीव्ही हरलं, साउंडब्रिज विसरलं गेलं, नेटफ्लिक्सचा डबा ऐनवेळी रद्द झाला. पण ‘मला हवं ते मला हव्या वेळी टीव्हीवर दिसलं पाहिजे’ हा एकच हट्ट त्यानं सोडला नाही. हट्ट जरूर धरा. फक्त बिल कोण भरतंय, त्यावर लक्ष ठेवा.

तुमच्या टीव्हीत काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!